कोल्हापूरहून समुद्रकाठी हिवाळी मुक्काम: कॅम्पर व्हॅनसाठी जागा निवडताना

कोल्हापूरहून कुठलाही घाट उतरला की समुद्र तीन-चार तासांत येतो. त्यामुळे कॅम्पर व्हॅन घेऊन थंडीत महिना-दीड महिना किनाऱ्यावर राहायचं म्हटलं की लोक सांगतात, "त्यात काय, तारकर्लीला जायचं आणि गाडी लावायची." दोन रात्रींसाठी ते खरं आहे. महिन्याभरासाठी जागा शोधायला लागलो तेव्हा गणपती उठल्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंतचा काळ त्यात गेला, आणि तो लागतोच. पहिल्यांदा निघणाऱ्याला कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं हे माहीत असावं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. समुद्र दिसतो का, हा प्रश्न यादीत सगळ्यात शेवटी ठेवा. आधी जमीन, मग पाणी, मग मैला कुठे रिकामा करायचा, मग वीज. या चार गोष्टी जमल्या की लाटा दोनशे-तीनशे मीटर चालून गेल्यावर दिसल्या तरी काही बिघडत नाही. चारांतली एकही अडली, तर समोर कितीही सुंदर किनारा असला तरी आठवड्यात घरी परतावंसं वाटतं.

सप्टेंबरमध्ये कागद बघितले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तरी सिंधुदुर्गात जागा शोधताना आम्हाला ज्या मिळाल्या त्या बहुतेक घरगुती होत्या: न्याहारी-निवास योजनेतल्या किंवा होमस्टे चालवणाऱ्या घराचं आवार, नाहीतर माडाची बाग. तिथला मालक गाडीचे कागद मागत नाही, पण वाटेत तपासणी झाली किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली तर आरसी बघितली जाते. मिनीबसच्या सीट काढून आत पलंग आणि ओटा बसवला असेल, तर आरसीवर वाहनाचा प्रकार बदललेला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक गटात मोडते, भाड्याने द्यायची असेल तर ती वाहतूक गटात जाते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीला गाडीचं काम करून घेत असाल, तर पत्रा कापण्याआधी हा विषय मिटवा. विमा कंपनीला आत गॅस, बॅटरी आणि सोलर बसवल्याचं लेखी कळवून पोच घ्या. ती पोच यायला आम्हाला पंधरा दिवस लागले. पीयूसी आणि विमा मुक्कामाच्या मधल्या काळात संपत नाहीत ना, तेही याच वेळी बघावं.

ऑक्टोबरमध्ये नकाशा घेऊन बसलो. कोल्हापूरकरांना घाट निवडला की किनारा आपोआप ठरतो. आंबा घाटाने रत्नागिरी, गणपतीपुळे, आरे-वारे. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा उतरला की वैभववाडी, खारेपाटण आणि पुढे विजयदुर्ग-देवगड. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने कणकवली आणि मालवण पट्टा. आजरा-आंबोलीवरून सावंतवाडी, वेंगुर्ला, शिरोडा. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा सगळी वाहतूक बाकीच्या घाटांवर आली होती, म्हणून निघायच्या आठवड्यात घाटाची स्थिती पुन्हा विचारावी. भुईबावडा अरुंद आहे, सात मीटरच्या गाडीने तिथे जाऊ नये. साडेतीन-चार टनांच्या भरलेल्या गाडीला उतार हा ब्रेकचा प्रश्न असतो: दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं आणि ब्रेक सलग दाबून धरायचा नाही, मधूनमधून मारायचा. फोंडा आम्हाला सगळ्यात बरा वाटला, पण दोन गोष्टी आहेत. दाजीपूरच्या जंगलातून रस्त्यावर गवे येतात. आणि नोव्हेंबरपासून राधानगरी रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, त्यांतल्या अनेकांना मागे रिफ्लेक्टर नसतो. दोन्हींवर उपाय एकच: सकाळी उजाडल्यावर निघायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत खाली पोचायचं.

मग किनाऱ्याचे तुकडे पाडले. गणपतीपुळ्याला सोयी सगळ्या, पण देवस्थानामुळे गर्दी बारमाही आणि उतारावर मोठी गाडी लावायला सपाट जागा कमी. कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या जत्रेआधी निघायचं असेल तर छान. तारकर्ली आणि देवबागचा प्रश्न रस्त्याचा. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूचा चिंचोळा पट्टा. रस्ता अरुंद, दोन्हीकडे घरं आणि माड, आणि नाताळच्या सुट्टीत समोरून ट्रॅव्हलर आली की मागे घ्यायला जागा नाही. शिवाय अशा पट्ट्यावरच्या विहिरींना दोन्हीकडून खारं पाणी भिडलेलं असतं. तळाशीलचंही तसंच. भोगवे आणि निवती फार देखणी आहेत, पण सड्यावरून खाली उतरणारा रस्ता तीव्र उताराचा आणि अडचणीच्या वळणांचा. मागचा भाग लांब असलेली गाडी अशा वळणावर खाली घासते. वेंगुर्ला तालुक्यात वायंगणी, मोचेमाड, शिरोडा-वेळागर शांत आहेत. वेळागरचं सुरूचं बन बघून तिथेच राहावंसं वाटतं, पण किनाऱ्याची सुरूची बनं बऱ्याच ठिकाणी सरकारी लागवडीची असतात. आत गाडी घालून मुक्काम करायला परवानगी लागते आणि गावातल्या कुणी "लावा हो, कोण काय बोलत नाही" म्हटलं तरी ती परवानगी होत नाही.

उरला आचरा-तोंडवळीचा भाग. कणकवलीहून सरळ रस्ता, कोल्हापूरपासून साधारण दीडशे किलोमीटर, गावात बाजार आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि मालवण गाडीने जवळ. वेंगुर्ल्याकडची एक, देवगडकडची एक आणि आचऱ्याकडच्या दोन अशा जागा फोनवर बोलायला निवडल्या.

फोनवर "गाडी येईल का?" असं विचारू नका. उत्तर हमखास "येता की" असं मिळतं, कारण समोरच्याच्या डोळ्यासमोर इनोव्हा असते. आकडे सांगा. आमची गाडी छतावरच्या एसी आणि सोलर पॅनेलसकट ३.१ मीटर उंच, आरसे धरून सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद, जवळपास सात मीटर लांब. त्यासाठी वाटेत कुठेही साडेतीन मीटरपेक्षा खाली तार किंवा फांदी नको आणि दोन गडग्यांमधली पाणंद तीन मीटर तरी हवी. मालकाला साडेअकरा फुटांची बांबूची काठी घेऊन मुख्य रस्त्यापासून जागेपर्यंत चालायला आणि मागून कुणाला तरी मोबाईलवर चित्रण करायला सांगितलं. देवगडकडच्या जागेत काठी घरी जाणाऱ्या विजेच्या तारेला टेकायच्या आत त्यांनीच थांबवली. पाच मिनिटांच्या त्या चित्रणाने दिवसभराचा फेरा वाचला. काठी कोरड्या बांबूचीच हवी आणि तारेला लावून बघायची नाही, हे आधी बजावून सांगा.

दुसरा प्रश्न जमिनीच्या मालकीचा. कोकणात सातबाऱ्यावर अनेक नावं असतात आणि निम्मे भाऊबंद मुंबईला. बाग राखणारा माणूस होकार देतो, पण नंतर चुलतभावाचा फोन येतो. म्हणून "सगळ्यांना विचारून सांगा, आम्ही थांबतो" असं आपणच म्हणावं. आमच्या मालकांनी तीन आठवडे घेतले. त्या काळात जागा जाते की काय अशी धाकधूक होती, पण तो वेळ दिला म्हणून पुढे मुक्कामात कुणी येऊन "तुम्ही कोण?" असं विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर प्रत्यक्ष बघायला गेलो, व्हॅन न नेता छोट्या गाडीने. पावसाने खचलेल्या साकवांची आणि रस्त्यांची डागडुजी तोवर झालेली असते. या फेरीसाठी बरोबर घ्यायच्या वस्तू: हातभर लांबीची बारा मिलिमीटरची सळई, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर, मल्टिमीटर, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर आणि मोजपट्टी. शेवटचे तिन्ही मिळून हजार-दीड हजारात येतात.

जमीन तीन प्रकारची मिळते. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या मोकळ्या वाळूवर, गाडी न्यायचीच नाही. चाक रुततं, मीठ चेसीपर्यंत जातं आणि वाळूच्या टेकड्यांना धक्का लावणं सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नियमात बसत नाही. जांभ्या कातळावर गाडी पक्की उभी राहते, पण तिथे दुपारी तापतं आणि रात्री फुरश्याची भीती असते. माडाच्या बागेतली वाळूमिश्रित माती सगळ्यात सोयीची, मात्र तीही जागोजागी वेगळी असते. सळई हाताने दाबायची. चार बोटं जाऊन अडली तर ठीक, वीतभर सहज आत गेली तर तिथे भरलेली गाडी दोन दिवसांत एका बाजूला कलते. चारही चाकांच्या जागी आणि आत येण्याच्या वाटेवर असं बघा. माडाला पाणी देण्याचं आळं चाकाच्या जवळ नको, रोजच्या पाण्याने भुसभुशीत होतं.

माडाखाली गाडी लावू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण बागेत माड नाहीत अशी जागा कुठून आणायची? दोन ओळींच्या मधे, ताजा पाडा झालेल्या झाडांजवळ उभं राहायचं. मालकाला मुक्कामाआधी नारळ पाडून आणि सुकलेल्या झावळ्या काढून घ्यायला सांगा, त्याची मजुरी आपण द्या. झाडामागे शे-दीडशे रुपयांचा हा खर्च काचेच्या आणि सोलरच्या मानाने काहीच नाही. सोलरवर अवलंबून असाल तर सावलीचाही हिशेब करा. ४०० वॉटचं पॅनेल डिसेंबरच्या मोकळ्या उन्हात दिवसाला दीड युनिटपर्यंत देतं, माडाच्या सावलीत निम्म्याहूनही कमी.

पाण्याजवळची जागा असेल तर भरती कुठवर येते ते बघायचं. मच्छीमारांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती कमी चढते. अष्टमीला जागा बघून "पाणी कित्ती लांब आहे" म्हणणं फसवं. आम्ही पौर्णिमेच्या जवळचा दिवस धरला. दिवस जुळत नसेल तर वाळूवर सुकलेल्या काटक्या, शेवाळ आणि थर्माकोलच्या तुकड्यांची रेघ शोधा. एकापेक्षा जास्त रेघा दिसतात, त्यांतली सगळ्यात वरची उधाणाची. खाडीकाठी हीच रेघ बांधाच्या चिऱ्यांवर काळसर दिसते.

आचऱ्याकडच्या जागेत पाणी बघताना मालकाच्या आईने एका वाक्यात सांगितलं ते मीटरपेक्षा उपयोगी ठरलं: "शिमग्यापर्यंत पाणी गोड असता, मगे मचूळ होता." आम्ही शिमग्याच्या कितीतरी आधी परतणार होतो. टीडीएस मीटरवर लिटरला ३१० मिलिग्रॅम आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. वेंगुर्ल्याकडच्या जागेत १,४०० आलं. तिथे प्यायला बाटल्या आणून भागलं असतं, पण गीझर आणि पंपाला क्षार बसला असता. टीडीएसवरून फक्त क्षार कळतात, जंतू नाहीत. विहीर उघडी असेल तर पाणी उकळून किंवा गाळणीयंत्रातूनच प्यायचं. दोघांना काटकसरीने रोज ५० ते ६० लिटर लागतं, म्हणजे १२० लिटरची टाकी एक दिवसाआड भरावी लागते. विहिरीच्या नळापासून गाडीपर्यंतचं अंतर मोजून पाईप घ्या. बागेला पाणी सोडायचा पाईप पिण्याच्या टाकीला लावू नका, वेगळा पाईप आणा.

आता ज्याबद्दल बोलायला लोक लाजतात ते. व्हॅनच्या कॅसेट संडासाची पेटी साधारण २० लिटरची असते आणि दोघांना तीन दिवस पुरते. ती रिकामी करायला तयार सोय इथे नसते, घराच्या सेप्टिक टाकीतच ओतावी लागते. हे फोनवर नाही, समोर बसून, चहा झाल्यावर, स्पष्ट शब्दांत विचारावं. पेटी किती मोठी, किती दिवसांनी, कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने न्यायची. वाट महत्त्वाची. विहिरीवरून आणि तुळशीवृंदावनासमोरून पेटी नेणं कुठल्याच घराला आवडणार नाही, आणि तेच बरोबर आहे. मागच्या बाजूला टाकीचं उघडणारं झाकण आहे का ते बघा. नसेल तर घराच्या बाहेरच्या संडासात ओतता येतं का विचारा. पेटीत फॉर्मलिनचं रसायन किंवा ब्लीच घालू नका, टाकीतले जिवाणू मरतात आणि महिन्याभरात त्यांच्या घराला वास सुटतो. जैविक एन्झाइमची पावडर वापरा. टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब हवा. जवळ असेल तर ती जागा पाण्यासाठी बाद समजा, मीटर काहीही म्हणो. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी मात्र कोकणात पूर्वीपासून केळी-माडाला जातंच, फक्त साबण बेताने वापरायचा आणि तेलकट भांडी आधी कागदाने पुसायची.

वीज संध्याकाळी सात ते आठ या वेळात तपासा, दुपारी नाही. सगळ्या घरांचे दिवे आणि पंप चालू असताना सॉकेटला २०० च्या खाली व्होल्टेज जात असेल तर एसी आणि इंडक्शन विसरा. तीन दिव्यांचा टेस्टर अर्थिंग आहे की नाही ते दाखवतो. वाळूत पुरलेलं अर्थिंग थंडीत सुकतं आणि निकामी होतं, खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच, असायलाच हवा. जोडणीला २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल घ्या, वीस मीटर पुरते, आणि एसी चालू असताना ती गुंडाळीत ठेवू नका, तापते. पंधरा अँपिअरचा सॉकेट स्वयंपाकघरात असतो आणि खिडकीतून केबल आणावी लागते, तेव्हा बाहेर वेगळा सॉकेट आणि सबमीटर बसवून घेणं दोघांच्या भल्याचं. आमच्याकडे वायरमनची मजुरी आणि सामान मिळून २,२०० रुपये झाले, ते आम्ही दिले आणि सोय मालकांना राहिली.

या सगळ्यांतून आचऱ्याकडची एक जागा उरली, किनाऱ्यापासून आत, सुरूच्या पट्ट्यामागे. खुल्या किनाऱ्यासमोरची दुसरी जागा नाकारताना जड गेलं. पण सुरूमागे खारा वारा अर्ध्यावर येतो आणि पत्र्याला, तारांच्या जोडांना, लॅपटॉपलाही त्याचा फरक पडतो. त्या मोकळ्या जागेसमोर रापणीचं जाळंही ओढतात. रापणीच्या आणि होड्या ओढायच्या वाटेवर पाहुण्याची गाडी उभी असणं योग्य नाही.

मग एक रात्र व्हॅन घेऊन चाचणीसाठी राहिलो. हे कधीही चुकवू नये. मोबाईलची रेंज पत्र्याच्या आत बसून बघायची, बाहेर नाही. मासळी सुकवायची जागा वाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे, पहाटे पंप किती वाजता सुरू होतो, कुत्री कुठे बसतात, हे एका रात्रीत कळतं. मालक आणि आपण एकमेकांना झेपतो का, तेही.

ठरलं तेव्हा साध्या कागदावर लिहून घेतलं: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोजचं भाडं, पाणी आणि बाहेरचं न्हाणीघर त्यात धरून, विजेचा युनिटचा दर, सुरुवातीचं मीटर वाचन, पेटीची सोय, पाहुणे आले तर काय. रोजचे ९०० रुपये ठरले, महिन्याच्या वर राहिल्यास ७००. वीज १२ रुपये युनिट. इसारा ५,०००. २४ डिसेंबर ते २ जानेवारी या काळात पट्टाभर दर दुप्पट होतात. महिन्याच्या करारात तो काळ त्याच दरात धरावा असं आधीच बोलून घेतलं, नाहीतर तिथेच वाद होतो. आधारच्या प्रती दिल्या, पोलीस पाटलांना भेटून गाडीचा क्रमांक आणि मुक्कामाचा काळ सांगितला. सागरी सुरक्षेमुळे किनाऱ्याच्या गावांत अनोळखी गाडीची चौकशी होते, आधी सांगितलेलं बरं. ग्रामपंचायतीत कचऱ्याचं विचारलं: ओला कचरा बागेतल्या खड्ड्यात, सुका आठवड्यातून एकदा घंटागाडीला.

आचऱ्यासाठी आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: यंदा गावपळण आहे का? दर काही वर्षांनी श्री देव रामेश्वराच्या कौलाने थंडीत अख्खं गाव गुराढोरांसह तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. शेजारच्या चिंदरमध्ये आणि मालवण तालुक्यातल्या वायंगणीतही (वेंगुर्ल्याची ती वेगळी) ही प्रथा आहे. त्या दिवसांत तुम्हीही वेशीबाहेर जाणार, हे धरूनच चला. मालक जिथे राहुटी टाकतील तिथे गाडी लावता येते का ते ठरवून ठेवा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या यात्रेची तारीखही कौलावरच ठरते, आणि ठरली की मालवण-कणकवली रस्त्यांवर त्या दिवसांत मोठी गाडी काढायची नाही. दहीकाल्यांच्या रात्री दशावतारासाठी देवळापाशी गर्दी असते, तिथे मात्र चालत जा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोचलो. गाडी लावताना दार पूर्वेला ठेवलं. थंडीत पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, तो हलका असतो. दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा वारा जोर धरतो, तेव्हा दाराच्या बाजूला आडोसा मिळतो आणि दाराबाहेर ताणलेल्या छत्रीचं कापड फडफडत नाही. वाळूत खुंट्या धरत नाहीत. सिमेंटची रिकामी पोती वाळूने भरून, दोरी बांधून दीड फूट खोल पुरली, ती हलली नाहीत. जॅकखाली जांभ्याचा चिरा ठेवू नका, कोपऱ्यावर भार आला की तुटतो. जाड फळ्या घ्या. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, खाऱ्या हवेत ड्रमला चिकटतो. गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी अडसर लावले आणि आठवड्यातून एकदा गाडी चार-पाच किलोमीटर फिरवली.

रात्री १८-२० अंशांवर उतरतं, त्यामुळे कोल्हापूरच्या थंडीसारखं अंथरूण लागत नाही, पण दव खूप पडतं. सगळ्या खिडक्या बंद करून झोपलं की सकाळी छताला आतून पाणी धरतं आणि गादीखाली बुरशी येते. समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा, गादीखाली फळ्यांची जाळी घाला. गॅसचा सेन्सर जमिनीलगत लावा, एलपीजी खाली साचतो.

जानेवारीत दोन गोष्टी सुरू झाल्या. आंब्याला मोहोर आला आणि कलमांवर फवारण्या. शेजारी कलमं असतील तर फवारणीचा दिवस विचारून घ्या, त्या सकाळी खिडक्या बंद, पाण्याच्या टाकीचं तोंड झाकलेलं, कपडे आत. देवगड पट्ट्यात हे जास्त जाणवेल, म्हणून बागेच्या वाऱ्याखालची जागा दोन महिन्यांसाठी घेऊ नये. दुसरं कासवांचं. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले माद्या या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात आणि पुढे पिल्लं बाहेर पडून उजेडाच्या दिशेने चालतात. गाडीचा बाहेरचा पांढरा दिवा किनाऱ्याकडे असेल तर ती समुद्राऐवजी बागेत येतात. सुरूच्या मागे असूनही समुद्राकडचे दिवे आम्ही बंद ठेवले आणि हातातल्या बॅटरीला लाल कागद लावला. गावातले कासवमित्र भेटले तर घरटी कुठे आहेत ते विचारा, म्हणजे रात्री त्या बाजूला जायचं नाही.

तब्येतीचं आधी ठरवून ठेवा. किरकोळ गोष्टींना आरोग्य केंद्र, पुढे मालवण किंवा कणकवली, जिल्हा रुग्णालय ओरोसला. मोठं काही असेल तर लोक गोव्याला बांबोळीला किंवा कोल्हापूरला जातात. कुठे जायचं ते रात्री दोन वाजता ठरवायला लागू नये. अंधारात बंद बूट आणि बॅटरीशिवाय बाहेर पडू नका.

खर्चात भाडं सोडलं तर मोठी रक्कम डिझेलची. गाडी लिटरला आठ-नऊ किलोमीटर देते. वीज एसीशिवाय दिवसाला एक-सव्वा युनिट, दुपारी दोन तास एसी लावला की तीन-साडेतीन. मासळी स्वस्त मिळेल असं धरू नका, सुट्टीच्या दिवसांत मालवणचा भाव कोल्हापूरच्या जवळ जातो. आचऱ्याच्या बाजारात साध्या दिवशी परवडतं. पाच किलोचा छोटा सिलिंडर दोघांना तीन आठवडे पुरला.

निघायच्या आदल्या दिवशी मालकांसमोर मीटर वाचलं, पुरलेली पोती काढून खड्डे बुजवले, चाकांच्या चाकोऱ्या फावड्याने सारख्या केल्या. पेटी रिकामी करून धुतली आणि सांडपाण्याची टाकी तिथेच मोकळी केली, घाटात हिंदकळणारी टाकी घेऊन चढू नये. परत आल्यावर त्याच आठवड्यात गाडी पिटावर घेऊन खालून गोड्या पाण्याने जोरात धुऊन घेतली: चेसीच्या आतल्या पोकळ्या, स्प्रिंगच्या पाट्या, ब्रेकचे पाईप, सायलेन्सरचे जोड. नंतर दोन दिवस उन्हात वाळवून ग्रीस भरलं, ड्रम उघडून साफ केले आणि बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावली. धुणं आणि ड्रमचं काम मिळून १,८०० रुपये आले. गंजाचे ठिपके दिसले तर खरवडून प्रायमर लगेच मारा. खालचं अंडरबॉडी कोटिंग मार्चअखेर करून घ्यावं, पाऊस जवळ आला की गॅरेजना वेळ नसतो, आणि ओलसर पत्र्यावर मारलेलं कोटिंग आतून गंज धरून सुटतं.